शिकवणं सुधारण्याच्या वार्षिक परिषदा बंद केल्या तर काय बिघडेल?

खडूची भुकटी

परवा सहावी परिषद करून आलो. विषय नेहमीचाच, उच्च शिक्षणातलं अध्ययन-अध्यापन कसं सुधारावं. सत्राचं नाव होतं 'विद्यार्थ्यांना बोलतं करताना'. वक्ते वीस मिनिटांसाठी चौतीस स्लाइड घेऊन आले होते आणि त्या वाचून दाखवत होते. अध्यक्षांनी 'दोन मिनिटे' अशी चिठ्ठी पुढे सरकवली, तशा शेवटच्या दहा-बारा स्लाइड भराभर पळाल्या. 'प्रश्न?' ही स्लाइड आली तेव्हा पुढचे वक्ते पेनड्राइव्ह घेऊन उभेच होते. खोलीतल्या साठेक माणसांपैकी एकही बोलतं झालं नाही.

हे माझंच रडगाणं नाही. डायान एबर्ट-मे आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'बायोसायन्स'मध्ये एक अभ्यास छापला. अमेरिकेत अध्यापनाच्या कार्यशाळा करून आलेल्या प्राध्यापकांना विचारलं, तर ८९ टक्के म्हणाले, 'आम्ही शिकवण्यात बदल केलाय.' मग त्यांच्या तासांची चित्रीकरणं तपासली. ७५ टक्क्यांचा तास व्याख्यानाचाच निघाला. त्या कार्यशाळा तरी कित्येक दिवसांच्या होत्या. आपण दोन दिवस जातो, त्यातला अर्धा उद्घाटनात जातो.

माझं म्हणणं साधं आहे. परिषद बंद करा. तेवढ्याच वेळात प्रत्येकाने दुसऱ्याच्या चार तासांना मागच्या बाकावर जाऊन बसावं.

वऱ्हांडा

साफ असहमत. परिषद सत्रांत असते असं तुम्हाला कुणी सांगितलं?

दोन टप्प्यांची परीक्षा मी वऱ्हांड्यात शिकले. एक अनोळखी बाई प्रमाणपत्राच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या होत्या, त्यांनी सांगितली. आधी प्रत्येकाने एकट्याने पेपर सोडवायचा. उत्तरपत्रिका गोळा केल्या, की लगेच चौघांच्या गटाला तोच पेपर आणि गटाला एकच उत्तरपत्रिका. जास्त गुण एकट्याच्या पेपरचे, थोडे गटाचे. परत आल्यावर करून पाहिली. एरवी परीक्षा संपली की मुलं उत्तरं विसरायला मोकळी. त्या दिवशी एक मुलगी बाक ठोकून विचारत होती, "अगं पण मग ती ऊर्जा गेली कुठे?" शेजारच्या वर्गातले सर भांडण लागलं समजून धावत आले. सेमिस्टरभरात माझ्या वर्गात इतका वाद झाला नव्हता.

खडूची भुकटी

@वऱ्हांडा, छानच. पण त्याला परिषद कशाला? फोनवरही झालं असतं.

वऱ्हांडा

फोन कुणाला करणार होते? त्या बाई जगात आहेत हे रांगेत उभं राहीपर्यंत मला कुठे ठाऊक होतं!

आकडेमोड

धागाकर्त्यांनी २०११चा अभ्यास दिला, आता २०१४चा घ्या. फ्रीमन आणि मंडळींनी विज्ञान, गणित, अभियांत्रिकीच्या पदवी-वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र केले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २१.८. तेव्हा सांगण्यासारखं काही नाहीच, असं नाही. ते वर्गापर्यंत पोचत नाही, ही खरी अडचण. त्यानंतर चार वर्षांनी उत्तर अमेरिकेतल्या दोन हजारांवर तासांची पाहणी 'सायन्स'मध्ये आली, तेव्हाही निम्म्याहून जास्त तास मुख्यतः व्याख्यानच होते.

माझ्या मते चूक परिषदेची नाही, एकट्याला पाठवण्याची आहे. तो उत्साहाने परततो, विभागात कुणी विचारत नाही, पंधरवड्यात गाडी जुन्या रुळावर. कार्ल वीमन (२००१चे भौतिकशास्त्राचे नोबेल) यांनी कोलोरॅडो आणि ब्रिटिश कोलंबियात पैसा थेट विभागांना दिला. विभागातच विषय जाणणारे तरुण संशोधक नेमले आणि त्यांनी प्राध्यापकांसोबत बसून एकेक अभ्यासक्रम नव्याने बांधला. त्याला वर्षं लागली. दोन दिवसांच्या परिषदेकडून ती अपेक्षा धरणं हा तिच्यावर अन्याय आहे.

अवांतर: हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९चा अभ्यास मजेशीर आहे. मुलं स्वतः धडपडून शिकली त्या तासांत प्रत्यक्षात जास्त शिकली, पण त्यांना वाटलं मात्र उलटं. सफाईदार व्याख्यान ऐकलं की 'कळलं' असं वाटतं. परिषद संपताना आपण अभिप्रायाच्या फॉर्मवर 'उत्कृष्ट'पुढे खूण करतो, तिचं मोल यावरून ठरवा.

तासिका तत्त्वावर

तुम्ही सगळे कायम नोकरीतले दिसता.

मागच्या बाकावर बसण्याची कल्पना गोड आहे. माझ्या तासाला कोण बसणार? विभागप्रमुख. आणि पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही हे कोण ठरवणार? तेच. त्यांच्यासमोर मी नवा प्रयोग करून फसू? मुकाट्याने स्लाइड लावीन. परिषदेत निदान माझं शिकवणं कसं फसलं हे सांगितलं तर नोकरी जात नाही. मला तिथे जायला बिनपगारी रजा काढावी लागते, तरी जाते.

खडूची भुकटी

@तासिका तत्त्वावर, हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. बसणारा वरिष्ठ नको, दुसऱ्या विभागातला हवा, इतकी दुरुस्ती करतो. बाकी मत कायम.

शंकेखोर

परिषदांवर माझा वेगळाच राग आहे. कुणी दृश्य पद्धतीने शिकतो, कुणी श्राव्य, म्हणून प्रत्येकाला त्याच्या शैलीत शिकवा, ही गोष्ट अजून तिथे खपते. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्येच पुरावे तपासून सांगितलं होतं, की या दाव्याला पुरेसा आधार नाही. तरी दरवर्षी कुणीतरी तीच प्रश्नावली वाटतं आणि आपण टाळ्या वाजवतो. विषयाच्या परिषदेत कुणी असं काही मांडलं असतं तर पहिल्याच रांगेतून हात वर झाला असता. अध्यापनाचा विषय निघाला की आपली चिकित्सा कुठे जाते कोण जाणे.

वऱ्हांडा

@शंकेखोर, गंमत म्हणजे पॅशलर हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते परिषदेतच. पहिल्या रांगेतून हात वर झाला होता.

खडूची भुकटी

बरं, मग मधला मार्ग काढू. परिषद राहू द्या, स्लाइड बंद करा. प्रत्येक वक्त्याने स्वतःच्या तासाचं दहा मिनिटांचं काटछाट न केलेलं चित्रीकरण दाखवायचं, उरलेला वेळ बसलेल्यांनी बोलायचं.

तासिका तत्त्वावर

मान्य. पहिलं चित्रीकरण तुमचं.

खडूची भुकटी

माझी हरकत नाही. फक्त कॅमेरा लागला की माझा तास नेहमीसारखा होत नाही.

आकडेमोड

ते ७५ टक्केसुद्धा हेच म्हणाले असतील.