अनुभव धागा: शाळेच्या ग्रंथालयातलं पुस्तक मुलांच्या हातात कसं पोहोचवता?

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे. त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं हवीत. पुस्तकं बऱ्याच शाळांत आली आहेत, पण ती कपाटातून दप्तरात आणि दप्तरातून परत कपाटात फिरत नाहीत. ग्रंथालयाचा प्रभार सांभाळणाऱ्यांनी आपली पद्धत इथे लिहावी. वाचनाचं महत्त्व आपल्या सगळ्यांना पटलेलं आहे, त्यामुळे मापं, नोंदी, वेळा आणि कुठे अडतं ते लिहा.

ग्रंथपाल, माध्यमिक शाळा, सातारा जिल्हा

कपाटाला कुलूप लागतं ते दाखलनोंदवहीच्या, म्हणजे प्रत्येक पुस्तक क्रमांकाने चढवतात त्या वहीच्या, भीतीने. प्रभार देताना पुस्तक कमी भरलं तर खिशातून भरावं लागेल, म्हणून पुस्तक बाहेरच निघत नाही. यावर उपाय वहीतच आहे. दरवर्षी परीक्षेनंतर पडताळणी करा. सापडलेलं, फाटलेलं आणि हरवलेलं अशा तीन याद्या करा आणि मुख्याध्यापकांची सही घ्या. फाटलेल्या-हरवलेल्यांच्या निर्लेखनाचा (नोंदीतून बाद करण्याचा) विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत ठेवा, ठराव इतिवृत्तात येऊ द्या आणि ठराव क्रमांक दाखलनोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहा. बाद पुस्तकाचा दाखल क्रमांक नव्या पुस्तकाला कधीच देऊ नका. पुढच्या पडताळणीत एकाच क्रमांकाची दोन शीर्षकं निघतात आणि सगळा मेळ बिघडतो.

दाखल क्रमांक शीर्षकपानावर आणि एका ठरलेल्या आतल्या पानावरही टाका. शीर्षकपान फाटलं तरी पुस्तक ओळखू येतं. शिक्का चित्रावर मारू नका. लहान मुलांच्या पुस्तकात चित्र हाच अर्धा मजकूर असतो.

शिक्षिका, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, नाशिक जिल्हा

पहिली-दुसरीच्या मुलाला पुस्तकाचा कणा वाचता येत नाही. ते मुखपृष्ठ बघून पुस्तक निवडतं. म्हणून कणे बाहेर करून रचलेलं कपाट त्याच्यासाठी बंदच असतं. वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या छातीच्या उंचीला, म्हणजे साधारण अडीच ते तीन फुटांवर, नायलॉनची दोरी ताणा. दोन खिळ्यांमध्ये चार फुटांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर दोरी मधे झोळ देते. पुस्तक मधोमध उघडून दोरीवर टाकायचं. चिमट्याला लटकवलं तर वजनाने मुखपृष्ठ पिनेपासून सुटतं. एका वेळी २०-२५ पुस्तकं पुरे, दर सोमवारी निम्मी बदला. सगळी एकदम मांडली की मुलं चाळून ठेवून देतात.

पुस्तकांना खाकी कव्हर घालू नका. टिकतात खरी, पण सगळी सारखी दिसायला लागतात. पारदर्शक प्लास्टिक घाला.

मोठ्याने वाचून दाखवण्यासाठी रोज दहा मिनिटं हवीत. मुलं अर्धगोलात, पुस्तक आपल्या खांद्याजवळ, पानं मुलांकडे. त्यासाठी मजकूर आधी दोनदा तरी वाचलेला असावा लागतो, नाहीतर नजर अक्षरांत अडकते आणि पुस्तक नकळत आपल्याकडे वळतं. लेखकाचं आणि चित्रकाराचं नाव दर वेळी सांगा. थोड्याच दिवसांत मुलं ‘ह्याच चित्रकाराचं दुसरं आहे का?’ असं विचारतात. गोष्ट संपल्यावर तात्पर्य विचारू नका. तात्पर्य द्यावं लागणार हे कळलं की मुलं गोष्ट ऐकताना उत्तर शोधत बसतात.

सहशिक्षक, उच्च प्राथमिक शाळा, लातूर जिल्हा

देवघेवीच्या तासाचं गणित लिहितो. तास ३५ मिनिटांचा, मुलं ४०. शिक्षक एकटे नोंद करत बसले तर एका मुलामागे मिनिट जातं आणि घंटा होते. निवडायला वेळच उरत नाही आणि मूल हाताला लागेल ते उचलतं. म्हणून परतीची पुस्तकं सकाळीच खोक्यात जमा करा आणि नोंद मुलांच्या ग्रंथालय समितीकडे द्या. चौघांची समिती, दर महिन्याला नवी. वहीत तारखेवार नोंद करण्यापेक्षा प्रत्येक मुलाला एक पान द्या. कोण काय वाचतंय आणि कोण एकाच पुस्तकावर थांबलंय ते पान उघडताच दिसतं.

दंड अजिबात नको. उशिरा परत आणणाऱ्या मुलाकडे दोन रुपये नसतात. मग ते पुस्तकही आणत नाही आणि पुढचं मागायलाही येत नाही.

ग्रंथपाल, सातारा (पुन्हा)

दंडाबद्दल लातूरच्या सरांशी सहमत, पण हरवलेल्या पुस्तकाची विचारणा झालीच पाहिजे. आमच्याकडे बदली पुस्तक घेतात, तेच नाही मिळालं तर त्या किमतीचं दुसरं. दाखलनोंदवहीत ते ‘बदली’ म्हणून नव्या क्रमांकाने चढतं.

शिक्षिका, खासगी अनुदानित शाळा, पुणे

ग्रंथालयाची बातमी परिपाठात घ्या. दिनविशेष आणि सुविचारानंतर फक्त एक मिनिट: या आठवड्यात आलेली पुस्तकं, सध्या कोणत्या पुस्तकाला रांग आहे आणि एका मुलाने उभं राहून वाचलेला एक उतारा. उतारा उत्सुकतेच्या जागी तोडायचा. पूर्ण गोष्ट सांगितली की पुस्तक कोणी मागत नाही. मागणीची यादी फलकावर लावा, नाहीतर दहा जण एकाच पुस्तकासाठी रोज दारात उभे राहतात.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन भाषणांत जातात. त्या दिवशी सगळ्या शाळेने, शिपाईमामांपासून मुख्याध्यापकांपर्यंत, एकाच वेळी वीस मिनिटं आपापलं पुस्तक वाचावं. शिक्षक त्या वेळात वह्या तपासत बसले तर मुलांना बरोबर कळतं.

विषय साधनव्यक्ती, विदर्भ

पैसे कमी असतील तर दोन जागा. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आणि जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत उतरवून छापता येतात, परवाना त्याला मुभा देतो. तिथे चार स्तर आहेत: पहिला २५० शब्दांपर्यंत, दुसरा ६०० पर्यंत, तिसरा १५०० पर्यंत, चौथा त्याहून मोठा. इयत्ता बघून स्तर ठरवू नका. मुलाला एक पान वाचायला द्या, पाचाहून जास्त शब्दांवर अडलं तर एक स्तर खाली या.

आडवी पानं दोन्ही बाजूंनी छापताना ‘फ्लिप ऑन शॉर्ट एज’ निवडा, नाहीतर पाठीमागचं पान उलटं येतं. शिवण डाव्या आखूड बाजूला, तिथे दोन सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. आतली पानं १०० जीएसएमची (कागदाच्या जाडीचं माप) असू द्या. नेहमीच्या ७० जीएसएमवर पाठचं चित्र दिसतं.

देणगीत गाईड, जुनी पाठ्यपुस्तकं, कंपन्यांच्या डायऱ्या येतात. ‘आम्ही निवडून घेऊ’ हे आधीच सांगा. एकदा दाखल झाली की काढायला ठराव लागतो.

ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा

पावसाळ्याचं कोणी लिहिलं नाही. कपाट भिंतीपासून अर्धा फूट पुढे ओढा, खालचा कप्पा जमिनीपासून सहा इंच वर ठेवा. पुस्तकं ठासून भरू नका, हवा खेळली नाही तर बुरशी कण्यापासून सुरू होते. बुरशी दिसली की ते पुस्तक लगेच वेगळं करा, ऊन पडेल तेव्हा सावलीत वाऱ्यावर उभं उघडून वाळवा आणि पूर्ण सुकल्यावरच मऊ ब्रशने, वर्गाबाहेर, तोंडाला फडकं बांधून झाडा. ओलं असताना पुसलं तर डाग कागदात मुरतो. डांबरगोळ्या मुलांच्या हाताशी ठेवू नका, कोणीतरी तोंडात घालतं.

फाटलेल्या पानाला सेलोटेप नको. ती पिवळी पडते, सुटते आणि चिकट डाग ठेवून जाते. एक वाटी मैदा पाच वाट्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. पतंगाच्या पांढऱ्या कागदाची पट्टी हाताने फाडून या खळीने चिकटवा. कात्रीने कापली तर तिची कड पानावर उठते, आणि रंगीत कागदाचा रंग उतरतो. वर-खाली प्लास्टिकचा तुकडा ठेवून रात्रभर वजनाखाली ठेवा. खळ टिकावी म्हणून बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी आहे, मुलांच्या पुस्तकाला नको. त्याच्याशिवाय खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा.

शिक्षिका, नाशिक

रत्नागिरीच्या सरांना विचारायचं होतं: पिनेतून सुटलेल्या पुस्तकाला पुन्हा पिनच मारायची का?

ग्रंथपाल, रत्नागिरी

पिन नको मॅडम, आमच्या हवेत ती गंजते आणि मधली पानं तांबडी होतात. जुन्याच भोकांतून, मधलं एक नवीन पाडून, सुती दोऱ्याने तीन टाके घाला. मधल्या भोकातून सुरू करून तिथेच गाठ बांधा, गाठ आतल्या बाजूला येऊ द्या.