तीन सरफेस प्लेट एकमेकींना जुळतात, पण ९० अंशांत फिरवल्या की डुगडुगतात : मदत हवी आहे

नमस्कार.

मी बेळगावात अनगोळला राहतो. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत २२ वर्षे लेथ आणि मिलिंगवर काम केल्यानंतर आता घरामागच्या परड्यात पत्र्याची शेड घालून स्वतःपुरते वर्कशॉप उभारले आहे. जुन्या लेथचा बेड स्क्रेप करायचा आहे, म्हणजे हाताने बारीक खरवडून सपाट करायचा आहे, आणि पुढे १०० मि.मी.चा साइन बार (अचूक कोन लावण्याचे साधन) व एक गुण्या स्वतः बनवायचा आहे. त्यासाठी सरफेस प्लेट, म्हणजे सपाटी तपासण्यासाठीची अचूक सपाट प्लेट, लागते. ग्रॅनाइटची प्लेट विकत मिळते, हे मला माहीत आहे; परंतु ब्ल्यू (उंच जागा दाखवणारा निळा रंग) लावून बेडवर फिरवायला हातात उचलता येईल अशी बिडाची प्लेट लागते, म्हणून २५० × २५० मि.मी.च्या आणि ४० मि.मी. जाडीच्या तीन प्लेट येथील एका फाउंड्रीतून ओतून घेतल्या. रफ मशिनिंग करून त्या चार महिने तशाच ठेवल्या. भट्टीत तापवून ओतकामातले आतील ताण मात्र काढलेले नाहीत.

जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ग्लासगोच्या सभेत मांडलेली तीन प्लेटांची पद्धत मी वापरली. दोनच प्लेट एकमेकींवर जुळवल्या तर एक फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट राहूनही ब्ल्यू सगळीकडे लागतो. तिसरी आली की ही पळवाट बंद होते. अ-ब, ब-क, क-अ अशा फेऱ्या घेत प्रत्येक चौरस इंचात ब्ल्यूचे १२ ते १४ ठिपके येईपर्यंत मी कार्बाइड स्क्रेपर चालवला. पत्रा तापण्याआधी, पहाटेच काम केले, कारण माझ्या हिशेबाने एवढ्या जाडीच्या प्लेटच्या वरच्या आणि खालच्या बाजूंत एका अंशाचा फरक पडला तरी ती मध्यभागी सुमारे २ मायक्रॉन वाकते.

तिन्ही जोड्या उत्तम जुळल्या. गेल्या आठवड्यात सहज म्हणून ‘अ’वर ‘ब’ ठेवताना ती ९० अंशांत फिरवली, तेव्हा ब्ल्यू फक्त कर्णावरच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना लागला आणि प्लेट डुगडुगू लागली. मोकळ्या कोपऱ्यावर डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल मोजणारे घड्याळ) लावून पाहिले, तर एकूण हालचाल ०.०३२ मि.मी. भरली. इतर दोन जोड्यांतही जवळजवळ हेच दिसते. दोन्ही प्लेटांना सारखाच पीळ असेल, म्हणजे एका कर्णावरचे कोपरे वर आणि दुसऱ्यावरचे खाली असतील, तर ही हालचाल प्रत्येक कोपऱ्याच्या खऱ्या चुकीच्या आठपट दिसते. म्हणजे प्रत्यक्षात प्रत्येक कोपरा सुमारे ४ मायक्रॉन वर किंवा खाली आहे. आकडा लहान असला, तरी लेथच्या बेडमध्ये हा पीळ उतरावा असे मला मुळीच वाटत नाही.

माझा तर्क असा आहे की, तिन्ही प्लेटांना एकाच दिशेचा पीळ असेल तर त्या न फिरवता एकमेकींत नीट बसतात, आणि फेऱ्यांमध्ये मी एकदाही प्लेट फिरवली नाही, ही माझी चूक आहे. कास्टिंगमधील ताण सुटून पीळ आला असता, तर तो तिन्हींना सारखाच कसा आला असता, आणि न फिरवता त्या आजही कशा जुळल्या असत्या? तरीही ओळखीच्या एका अनुभवी फिटरकाकांचे म्हणणे आहे की, आधी ५०० ते ५५० अंशांवर तापवून, भट्टीतच हळूहळू थंड करून मगच पुढे जावे. दुसऱ्या एका मित्राने एमरी पेस्ट लावून प्लेट एकमेकींवर घासण्याचा सल्ला दिला आहे. तो मला पटत नाही, कारण त्यात नेमके कुठले बीड जाते आहे यावर ताबा राहत नाही.

ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केले आहे, त्यांना माझे दोन प्रश्न आहेत. पहिला : ‘अ’ आणि ‘ब’ ९० अंशांत ठेवून दोन्हींचे उंच कोपरे सारखेच उतरवावेत आणि नंतर ‘क’ला ‘अ’वरून दुरुस्त करावे, की प्रत्येक जोडी फिरवून तिन्ही प्लेटांवर थोडे थोडे काम करीत पुढे जावे? पहिल्या मार्गाने पीळ जाऊन फुगवटा परत येईल, अशी मला भीती वाटते. दुसरा : पाठीला तीनच टेकू असताना, ते कोपऱ्यांपासून किती आत घ्यावेत? सध्या ते अगदी कडेला आहेत, आणि वरच्या प्लेटच्या वजनाने ब्ल्यूचे चित्र थोडे बदलते असा मला संशय आहे.