मदत हवी आहे: समोर कोणी बसलं की तोंडच उघडत नाही

काजूबी
मदत हवी आहे, जरा लवकर. भाषेच्या परीक्षेचं स्पीकिंग तोंडावर आलंय आणि माझी प्रगती शून्य. ऐकणं-वाचणं निघेल, लिहिण्याचीही भीती नाही. पण समोर माणूस बसला की बोबडी वळते. घरात एकटी असताना फाडफाड बोलते. क्लासच्या मॉक टेस्टमध्ये समोरच्या मुलीने भलतंच काहीतरी विचारलं आणि मी नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिले. सरांनी सगळ्यांसमोर "पाठ करून आलीस ना?" असं ऐकवलं, तेव्हापासून तर नावच नको. कोणी दिली असेल तर नक्की काय करायचं ते सांगा. "आत्मविश्वास ठेव" एवढं मात्र लिहू नका, ते घरी सकाळ-संध्याकाळ ऐकते.

गजालीकार
अगो बाय, भाषा खंयची ता तरी सांग! आम्ही काय अंतर्ज्ञानी?

निवांत
इंग्रजीची आयईएलटीएस असणार. घाबरू नका, सगळा मिळून ११ ते १४ मिनिटांचा खेळ आहे. मधल्या भागात क्यू कार्ड देतात, विचार करायला १ मिनिट आणि बोलायला १ ते २ मिनिटं. त्या एका मिनिटात पेन्सिलीने चार शब्द खरडायचे, वाक्यं लिहीत बसायचं नाही. माझा भाचा असाच तरला. परीक्षक थांबवतो तेव्हा वाईट वाटून घेऊ नका, वेळ संपली की तो सगळ्यांनाच थांबवतो.

काजूबी
आयईएलटीएस नाही हो. जर्मन आहे. बी वन, म्हणजे मधली पातळी.

निवांत
बरं. पण चार शब्दांची युक्ती कुठेही चालते.

हापूस_नव्हे_पायरी
जर्मन कशाला? जपानी करा. जेएलपीटीला बोलण्याची परीक्षाच नसते. एन फाइव्हपासून एन वनपर्यंत नुसतं वाचायचं, ऐकायचं आणि गोळे काळे करायचे. तुमचा प्रश्नच मिटला.

सिस्टर_नेकारकाठ
पायरीभाऊ, तिची परीक्षा तोंडावर आलीय आणि तुम्ही तिला नवी लिपी शिकायला लावताय.

काजूबी, कुठलं बी वन? गोएथे की टेल्क? परीक्षा घेणाऱ्या संस्था वेगळ्या, दोन्हींचं स्पीकिंग वेगळं असतं. टेल्कला आधी एकमेकांची ओळख, मग एका विषयावर बोलणं आणि शेवटी मिळून काहीतरी ठरवणं. गोएथेला ठरवणं पहिलं येतं. नर्सिंगवाल्यांसाठी टेल्कचं वेगळं बी वन-बी टू फ्लेगे पण आहे. आणि परीक्षा कुठे आहे? जोडीदार कोण ते माहीत आहे का?

मास्तर_दापोली
मुळात व्याकरण कच्चं असलं की तोंड उघडत नाही, हे माझं अनेक वर्षांचं निरीक्षण आहे. डेर-डी-दास, म्हणजे नामांची लिंगं, पक्की करा, क्रियापदाची रूपं रोज म्हणा, पाढ्यांसारखी. पाया पक्का असेल तर भीती आपोआप जाते. हल्लीच्या क्लासमध्ये पहिल्या दिवसापासून "बोला, बोला" करतात. बोलायचं काय, कपाळ?

काजूबी
गोएथे. मुंबईला. जोडीदार कोण ते तिथेच कळणार म्हणे. नर्सिंगचं जीएनएम झालंय, सध्या रत्नागिरीत ड्युटी करते, त्यामुळे अभ्यास रात्रीच. मास्तर, व्याकरण येतं मला. लिहिताना डेर-डी चुकत नाही. बोलतानाच सगळी गंगा उलटी वाहते.

रातराणी
मुंबईत कुठे? काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनला, म्हणजे गोएथेच्याच केंद्रात असेल तर कोकणकन्येने या, सीएसएमटीला उतरलात की चालत जाण्यासारखं आहे. तुतारी दादरला सोडते, तिथून पुन्हा लोकल. पण परीक्षेच्या पहाटे उतरून तशीच जाऊ नका, आदल्या दिवशी पोहोचा. गाडी लेट झाली तर काय करणार?

गजालीकार
तुतारीक नावां ठेवू नकात. सावंतवाडीवाल्यांची हक्काची गाडी आसा ती.

रातराणी
नावं कुठे ठेवली? दादरला थांबते म्हटलं, थांबतेच. आणि सीझनमध्ये वेटिंग बघा आधी.

(मधले तुतारी-कोकणकन्येचे प्रतिसाद धाग्याच्या विषयाशी संबंध नसल्याने वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. — व्यवस्थापक)

सिस्टर_नेकारकाठ
आता नीट सांगता येईल. गोएथे बी वनचं स्पीकिंग साधारण १५ मिनिटं, बहुतेक वेळा दोघांचं मिळून. त्याआधी तयारीला १५ मिनिटं मिळतात, फोन-डिक्शनरी काही नाही, कागद-पेन असतं. पहिल्या भागात दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं. दुसऱ्यात दोन विषयांपैकी एक निवडून छोटं प्रेझेंटेशन. तिसऱ्यात एकमेकांच्या प्रेझेंटेशनवर दोन शब्द आणि प्रश्न. १०० पैकी ६० ला पास. त्यातले १६ नुसत्या उच्चाराचे, म्हणजे पुटपुटणाऱ्याचं तिथेच नुकसान. आणि स्पीकिंग राहिलंच तर तेवढं एकच मोड्यूल पुन्हा देता येतं, बाकीचं वाया जात नाही. हे डोक्यात नीट बसव. निम्मी भीती "सगळं गेलं" या विचाराची असते.

आता खरा प्रश्न. तू प्रेझेंटेशन पाठ केली आहेस का? खरं सांग.

काजूबी
हो. क्लासने पीडीएफ दिलीय विषयांची. बहुतेक सगळी पाठ आहेत. त्यात वाईट काय? पाठ नसेल तर बोलणार काय?

निवांत
मी म्हटलं ना, चार शब्द.

सिस्टर_नेकारकाठ
वाईट हे की पाठ केलेलं मधे तुटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि परीक्षकांना दुसऱ्या वाक्याला कळतं. त्या पीडीएफमधलं "आमच्या देशातली परिस्थिती" हे पान सगळ्यांचं एकच असतं: भारत मोठा देश आहे, शहरांत असं, खेड्यांत तसं. ऐकणाऱ्याला जांभई येते आणि पुढचा प्रश्न हमखास पीडीएफच्या बाहेरचा येतो.

पाच स्लाइड असतात: विषयाची ओळख, स्वतःचा अनुभव, आपल्या देशात काय चालतं, फायदे-तोटे आणि आपलं मत, शेवटी समारोप आणि आभार. पहिली आणि शेवटची खुशाल पाठ कर, ती सगळ्या विषयांना चालतात. मधल्या तीन पाठ करायच्या नाहीत. प्रत्येकीला एकच खरी गोष्ट ठरव, तुझ्या घरातली, वाडीतली. समजा विषय आला, लहान मुलांना मोबाईल द्यावा का. तुमच्याकडे रेंज कुठे मिळते?

काजूबी
साकवावर. नाहीतर देवळामागच्या सड्यावर. लॉकडाऊनमध्ये सगळी पोरं शाळेसाठी साकवावरच बसायची, पाऊस आला की एका छत्रीत तिघं.

सिस्टर_नेकारकाठ
हेच बोल! "इन माइनेम डोर्फ गेहेन दी किंडर त्सुर ब्र्यूके, डोर्ट गिब्ट एस नेट्स." म्हणजे माझ्या गावात पोरं पुलावर जातात, तिथे रेंज असते. झालं. शाळकरी वाक्य आहे, पण ऐकणारा सरळ बसेल. मग जोडीदार विचारेल, पावसात काय करतात? त्याचं उत्तर तुला पाठ करावं लागणार नाही, तू ते बघितलंयस.

मास्तर_दापोली
म्हणजे व्याकरणाला काही किंमतच नाही म्हणायचं.

सिस्टर_नेकारकाठ
आहे ना, त्याला गुण आहेतच. पण परीक्षेत बोलता बोलता "डेर की दास" असा विचार करत दहा सेकंद गप्प बसण्यापेक्षा चुकीचं डेर लावून पुढे गेलेलं बरं. बी वनला चुका धरून चालतात, गप्प बसलेल्याला मात्र गुण देणार कशाचे? मी इथे जर्मनीत वॉर्डात रोज चुकीचं बोलते आणि पेशंटना औषधं वेळेवर मिळतात.

मास्तर_दापोली
औषधं मिळतात म्हणून भाषा बरोबर होत नाही.

खाडीपलीकडे
मला एक सुचवायचं होतं. आरशासमोर उभं राहून बोला. माझ्या ताईने वक्तृत्व स्पर्धेसाठी केलं होतं, फार फरक पडला. शिवाय ओळखीच्या एकाने पेपरच्या आधी धडधड थांबायची गोळी घेतली होती, प्रोप्रानोलॉल. अर्धी घेतली तर हात थरथरत नाहीत म्हणे.

सिस्टर_नेकारकाठ
दम्याच्या माणसाला ती गोळी महागात पडते, बीपी आधीच कमी असेल त्यालाही. डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय, तेही परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा, अजिबात नाही. काजूबी स्वतः नर्स आहे, तिला मी सांगायला नको. हे बाकी वाचणाऱ्यांसाठी.

गजालीकार
आरसो प्रश्न विचारूक लागलो तर कळव. ताईची स्पर्धा भाषणाची होती, हिची परीक्षा बोलण्याची आहे.

काजूबी, मी जर्मन शिकलो नाय, पण एक सांगतंय (पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून पुस्तकी लिहितो). आमच्याकडे जत्रेत दशावतार होतो. हातात लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी कंपनीत ठरतं, आज कुठलं आख्यान, कोण राजा, कोण राक्षस, युद्ध कधी. संवाद उभ्या उभ्याच. समोरचा काय बोलणार ते माहीत नाही, तरी पहाटेपर्यंत नाटक चालतं. ते कसं? मी लहानपणापासून पेटीवाल्याच्या बाजूला बसून बघतोय. नट समोरच्याचं वाक्य आधी उचलतो. राक्षस म्हणाला, "राजा, तुझं राज्य मी जाळीन," की राजा म्हणणार, "माझं राज्य जाळणार? तू?" तेवढ्यात त्याला पुढचं सुचतं. शिवाय अडकला तर पेटी आणि मृदंग धरून ठेवतात, लोकांना पत्ता लागत नाही.

तुझी जोडीदारीण काही विचारेल तेव्हा उत्तराकडे धावू नको. तिचंच वाक्य प्रश्न करून परत दे, मग बोल. जर्मनमध्ये ते कसं म्हणतात ते सिस्टर सांगतील.

मास्तर_दापोली
जत्रेत चुकलं तर लोक हसतात आणि टाळ्या देतात. परीक्षेत गुण जातात. तुलना पटत नाही.

गजालीकार
मास्तरांनू, जत्रेत चुकलेल्याक काय काय ऐकूचा लागता ता तुमका म्हायत नाय.

सिस्टर_नेकारकाठ
गजालीकारांचं शंभर टक्के पटलं. शेवटचा शब्द उचलायचा आणि सूर प्रश्नाचा ठेवायचा. "आम झोनटाग?" (रविवारी?) एवढंच म्हटलं तरी चालतं. नाही कळलं तर "कान्स्ट डू दास बिट्टे नोख माल झागेन?", म्हणजे पुन्हा एकदा सांगशील का? परत विचारणं म्हणजे कमीपणा नाही, दोघं बोलतात तेव्हा विचारतातच. पहिल्या भागात तर मजाच असते. समजा बाईंचा निरोप समारंभ ठरवायचाय, कधी, कुठे, खायला काय, भेट काय. ती शनिवार म्हणाली तर लगेच "हो हो" करून संपवू नको. तुला शनिवारी ड्युटी आहे म्हण, रविवार सुचव, ती भेट म्हणून पुस्तक म्हणाली तर महाग पडेल म्हण. जरा घासाघीस झाली की तीन मिनिटं कुठे गेली कळत नाही. मच्छी घेताना करतेस ना, तसंच.

आणि ती अडकली तर तिला प्रश्न विचारून सोडव. गुण दोघींचे वेगळे असतात, तिच्या अडकण्याने तुझे वाढत नाहीत. उलट बोलणं चालू ठेवलंस हे परीक्षकांना दिसतं.

काजूबी
हे कोणी सांगितलंच नव्हतं. क्लासमध्ये सगळं एकेकाने उभं राहून म्हणायचं. पण आत शिरताना हातपाय गार पडतात त्याचं काय? घशाला इतकी कोरड पडते की आवाजच फुटत नाही.

सिस्टर_नेकारकाठ
बाहेर थांबलेली असशील तेव्हा मराठीत नको, जर्मनमध्येच बोलायला लाग, शेजारणीशी, नाहीतर हळू आवाजात स्वतःशी. आत गेल्यावर बोलशील ते त्या दिवसातलं तुझं पहिलं जर्मन वाक्य नसावं. श्वास घेतेस त्यापेक्षा सावकाश सोड, चार-पाच वेळा. पाण्याची बाटली जवळ. रिकाम्या पोटी जाऊ नको. बाकी धडधड होणारच, माझी अजून होते फोन उचलताना. धडधडत्या छातीनेही वाक्य बोलता येतं, त्याची सवय करायची. म्हणून अनोळखी माणसाशी सराव कर, मैत्रिणीशी नको.

निवांत
फोनवरच्या एआयशी बोलता येतं हल्ली. रात्री बाराला पण.

सिस्टर_नेकारकाठ
शब्द बसवायला ठीक आहे. पण ते कधी तोंड वाकडं करत नाही, मधे तोडत नाही. हिला तेच हवंय.

साडवली_नर्स
धागा आत्ता बघितला. मी पण तीच परीक्षा देतेय, गोएथे बी वन, मुंबईच. संगमेश्वरकडची. माझं उलटं आहे, मी बोलत सुटते आणि समोरच्याला बोलूच देत नाही. सर म्हणतात जोडीदाराचे पण गुण खाशील. रोज रात्री अर्धा तास फोनवर करूया का? एकमेकींना विषय आधी सांगायचे नाहीत.

काजूबी
चालेल! पण ड्युटी सुटते आठला, घरी पोहोचेपर्यंत नऊ. आणि घरात रेंज नाही, साकवावर रात्री जाऊ देणार नाहीत.

रातराणी
हॉस्पिटलच्या गेटवरूनच करा मग, शेवटच्या एसटीच्या आधी. वेळ बघून घ्या, शेवटची गाडी चुकली तर रिक्षावाला जीव घेईल.

साडवली_नर्स
सव्वाआठ ते पावणेनऊ. व्यनि (खाजगी निरोप) करते नंबर. उद्या पहिला भाग, विषय मी देणार, आणि मी शनिवारच म्हणणार आहे, तू मोडून दाखव.

हापूस_नव्हे_पायरी
जपानीचा विचार कुणाला करायचा असेल तर माझ्याकडे एन फाइव्हची पुस्तकं पडून आहेत. देवगडहून नेणार असाल तर फुकट.