रिटायर झाल्यापासून बाबा घरात असून नसल्यासारखे, काय करावं?

फौजीची_लेक: बाबा आर्मीतून रिटायर झाले तेव्हा वाटलं हळूहळू रुळतील, पण उलटंच चाललंय. रात्री झोप नाही, दार आपटलं तरी दचकतात, चार माणसं जमली की उठून आत जातात आणि काही विचारलं की एकदम खेकसतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की "मी काय वेडा झालोय का". आई पार रडकुंडीला आलीय. कुणाच्या घरी असं झालंय का?

जुना_तोफखानेवाला: ताई, आधी कान तपासून घ्या, मनापासून सांगतोय. रायफलचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो, तोफेचा तर विचारूच नका, त्याने कानातल्या बारीक पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. मग आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, त्यात चार जण एकदम बोलले की नुसता कालवा, म्हणून माणूस उठून जातो आणि घरच्यांना वाटतं तिरसट झालाय. वर कानात सतत सूंऽऽ, रात्री सगळं शांत झालं की तेच मोठं वाटतं, झोप लागणार कशी? माझं हेच होतं, कानाचं मशीन लावल्यावर बराच फरक पडला. आणि कान दाखवायला फौजी माणूस येतो हो, मनाचं नाव काढलं की अडतो.

समुपदेशक_ताई: कानाचं बघाच, पण दचकणं, वाईट स्वप्नं महिनाभराच्या वर चालू असतील तर पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवाचा मनावर राहिलेला आघात, पण असू शकतो. पहिल्या महायुद्धात याला शेल शॉक म्हणायचे, कित्येकांना भित्रे ठरवून शिक्षा झाल्या, रीतसर निदान म्हणून नाव मिळालं ते 1980 मध्ये. यावर उपचार आहेत, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (त्या प्रसंगाबद्दल मनात अडकलेले विचार बोलून तपासायचे) साधारण 12 सेशनची असते, ईएमडीआर (ती आठवण मनात आणून डोळे डावी-उजवीकडे फिरवत करायची थेरपी) पण आहे. झोपेच्या गोळ्या मात्र परस्पर आणून देऊ नका, दारूसोबत जिवावर बेततं. झोपेत ओरडले तर हलवून उठवू नका, लांबून हाक मारा. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, थांबू नका.

फौजीची_लेक: कानाचं काढलं तर चिडले नाहीत! डाव्या कानात शिट्टी वाजते म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बोलले.

जुना_तोफखानेवाला: उजव्या खांद्यावरून फायर करणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो, तोच जास्त जातो. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, करून घ्या, आणि आत जाताना तुम्ही पण बसा सोबत, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना अर्धंच ऐकू येईल.