मदत हवी आहे: दिव्यांगांच्या जिल्हा समितीपर्यंत पोचायचं कसं?

नमस्कार मंडळी, सोलापुरातून लिहितोय, आसरा चौकाजवळ राहतो. माझी धाकटी बहीण व्हीलचेअरवर असते, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे, पण गेल्या महिन्यात एका सरकारी ऑफिसात तिला घेऊन गेलो तर रॅम्पच्या तोंडाशीच मोटरसायकली लावलेल्या आणि रॅम्प इतका उभा की मला एकट्याला चढवेना, शेवटी दोघा अनोळखी माणसांनी खुर्ची उचलून वर नेली, ती घट्ट डोळे मिटून बसलेली. लय वाईट वाटलं बघा.

तेव्हापासून २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा वाचतोय. त्यात कलम ६६ खाली राज्य सल्लागार मंडळ आहे, सहा महिन्यांतून एकदा तरी बैठक घ्यायचीच असं लिहिलंय, दिव्यांग माणसंही सदस्य असतात, आणि कलम ७२ खाली जिल्हास्तरीय समिती. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथं तक्रार करता येते हे माहितीय, पण मला नुसती एका ऑफिसची तक्रार नाही करायची ओ, सगळ्याच ऑफिसांचे रॅम्प तपासा असं म्हणायचंय, आणि ते सल्ला देणाऱ्या समितीपुढंच जायला हवं ना?

आपल्या जिल्ह्याच्या समितीत सध्या कोण आहे, अर्ज कुणाच्या नावानं द्यायचा, सामान्य माणसाचा विषय बैठकीत घेतात का? कुणी दिला असेल तर अर्जाचा नमुना टाका प्लीज. बहीण स्वतः बोलायला तयार आहे.