मित्सुको कुणी वापरतं का? कोकणातल्या हवेत शिप्र परफ्यूम चालेल?

दापोलीकरीण:
मामेबहिणीने पॅरिसहून गेर्लँ या फ्रेंच कंपनीचं मित्सुको परफ्यूम आणून दिलंय. आजवर मी व्हॅनिला नाहीतर फुलांचीच परफ्यूम वापरली, त्यामुळे हे मारलं तेव्हा काही कळेचना. आधी लिंबाच्या सालीचा कडवट भपका, मग मध्येच पिकलेलं पीच, आणि दोनेक तासांनी मनगटाला ओल्या लाकडाचा, मातीचा असा काहीतरी वास येत राहतो जो मला चक्क आवडायला लागलाय. आई म्हणते हा बाईमाणसाचा वासच नव्हे. वयस्कर बायकांचं असतं का हे? आणि या दमट हवेत ऑफिसला मारून जावं का?

सुरंगीचा_वळेसर:
अगं तू जे टप्पे लिहिलेस ना तेच तर शिप्र! वर बर्गमॉट (लिंबाच्या जातीचं फळ), मध्ये गुलाब-जाई, तळाला ओकमॉस, लॅबडॅनम (एका झुडपाचा चिकट डिंक) आणि पॅचुली (मातकट वासाची पानं). फ्रान्स्वा कोटीने 1917 मध्ये शिप्र नावाचंच परफ्यूम काढलं आणि पुढे त्या जातीच्या सगळ्याच परफ्यूमना ते नाव चिकटलं. मित्सुको 1919 चं, जाक गेर्लँने त्याच सांगाड्यात पीचच्या वासाचं एक कृत्रिम रसायन घातलं. ओकमॉस म्हणजे ओकच्या झाडावर वाढणारं लायकेन. आपल्या मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, भाजायच्या आधी एकदा चुरडून हुंगून बघ, तोच मातकट घराणा. गोड परफ्यूम समोरच्याला लगेच खूश करायला बघतं, शिप्र लाडीगोडी लावत नाही, जरा अंतर राखून असतं, आणि मला बाईच्या अंगाला हेच जास्त शोभतं असं वाटतं (आईंना सांगू नकोस). वयाचं काय घेऊन बसलीस, जर्मेन सेलिएने 1944 मध्ये बँडिट केलं, चामड्याच्या वासाचं शिप्र, ते काय आज्यांसाठी होतं होय?

मालवणी_मिरची:
गो बाय, माका नाय आवडना ह्यो वास. एक शिप्र लग्नात मारून गेलंय तर बाजूची मावशी इचारता, गुडघ्याक काय लावलंस? आमका आपली सुरंगी नायतर बकुळ बरी.

जांभादगड:
मिरचीताई 😂 किती फवारे मारलेले ते पण सांगा की. उकाड्यात परफ्यूम भसकन उडतं आणि एकदम अंगावर येतं, म्हणून एप्रिल-मे मध्ये एकच फवारा, तोही कपड्याखाली, बंद एसी ऑफिसात तर नक्कीच. माझ्या मते शिप्रचा खरा सीझन जून ते सप्टेंबर, बाहेर जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ चढलेलं असतं तेव्हा ते तळाचं ओकमॉस काय खुलतं! पांढऱ्या कॉटनवर मारू नको, डाग पडू शकतो. बाटली खोक्यातच ठेव, कपाटात, खिडकीत ऊन येतं तिथे नको.
अजून एक, जुन्या रिव्ह्यूंवर फार जाऊ नकोस. ओकमॉसमधल्या अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉलने काहींना त्वचेची अ‍ॅलर्जी येते, युरोपियन युनियनने 2017 मध्ये त्यांच्यावर बंदीचा नियम केला. त्याच्या आधीपासूनच ओकमॉसवर मर्यादा येत गेल्या, फॉर्म्युले बदलले. म्हणून जुन्या बाटल्यांच्या मागे लोक वेडे असतात.

दापोलीकरीण:
थँक्यू सगळ्यांना! मिरचीताई, मी दोनच मारते हो 😄 पीच नसलेलं, जरा हिरव्या वासाचं शिप्र कुठलं? मिस डिओरचं नाव खूप वाचलंय.

सुरंगीचा_वळेसर:
तिथेच फसतात लोक. 1947 चं मूळ मिस डिओर गॅल्बनम (हिरव्या वासाचा एक डिंक) घातलेलं कडक हिरवं शिप्र होतं, आज दुकानात त्या नावाने जे मिळतं ते वेगळंच, फुलांचं, गोडसर. तुला कडवट हवं असेल तर अ‍ॅरोमॅटिक्स एलिक्सिर बघ, 1971 चं आहे, पण ते मित्सुकोपेक्षाही दणदणीत, तेव्हा आधी छोटं सॅम्पल मागव आणि रविवारी घरीच लावून बघ, आई माहेरी गेल्या असतील असा रविवार.