मदत हवी आहे: विज्ञानकथा आणि फँटसीवर चर्चासत्र घेतोय, 'तेच ते' निबंध कसे टाळायचे?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या अनुदानित महाविद्यालयात मी मराठी शिकवते. येत्या फेब्रुवारीत आमचा मराठी आणि इंग्रजी विभाग मिळून विज्ञानकथा आणि फँटसी या विषयावर दोन दिवसांचं चर्चासत्र घेतोय. प्राचार्यांचा होकार आहे, आयक्यूएसीकडून (महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाकडून) फाइल सरकली आहे. थोडे पैसे संस्था देणार, बाकी नोंदणी शुल्कातून उभे करायचे. निमंत्रक मी. जेवण, बॅनर, शाल-श्रीफळ याची काळजी नाही, ते आमची एनएसएसची पोरं डोळे मिटून करतात. घोडं अडलंय ते निबंधांपाशी.

पत्रक निघाल्यापासून सारांश येतायत, आणि भरपूर येतायत. पण त्यातले निम्म्याहून जास्त 'डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला' इथून सुरू होतात आणि 'अशा प्रकारे त्यांनी मराठी साहित्यात मोलाची भर घातली आहे' इथे संपतात. मधल्या जागेत तीन कथांची कथानकं. नारळीकर सर मे २०२५ मध्ये गेले, त्यानंतर त्यांच्यावर लिहावंसं वाटणं साहजिकच आहे. आम्हीही एक सत्र त्यांच्यासाठी ठेवलंय. पण दोन दिवस सगळ्यांनी एकच निबंध आळीपाळीने वाचायचा का?

फँटसीच्या बाजूला तर शुकशुकाट आहे. इंग्रजीकडून जे आलंय ते सगळं परदेशी जादूच्या शाळांवर. मराठीकडून एकही नाही. ज्या भाषेत १८६१ साली 'मुक्तामाला' आणि १८६८ साली 'मंजुघोषा' छापली गेली, जिच्यातली सुरुवातीची बरीचशी कादंबरी अद्भुतरम्य होती, तिच्यात फँटसीवर बोलायला माणूस मिळू नये? नारायण धारपांवर कोणी लिहिणार का, असं दोन-तीन ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं. 'ते भयकथावाले ना?' एवढंच उत्तर आलं.

तेव्हा प्रश्न असे. सारांश मागवायची मुदत अजून संपलेली नाही, सुधारित पत्रक काढता येईल. त्यात काय लिहिलं म्हणजे माणसं मूळ साधनांकडे वळतील? जुनी मासिकं, दिवाळी अंक कुठे बघायला मिळतात? आणि निबंध छापायचं काय करायचं? एका प्रकाशनसंस्थेचे रोज फोन येतायत, 'मॅडम, पानामागे एवढे द्या, आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये टाकतो, आठवड्यात प्रमाणपत्र.' इंग्रजीचे सर म्हणतात देऊन टाकू, माझं मन घेत नाही.

बीजभाषणाला कोणाला बोलवावं हे विचारत नाहीये, ते ठरलंय. तेवढं सोडून काहीही सुचवा.

— तालुकाप्रतिनिधी

पिवळी_पाने:

तुमच्या पत्रकातच गोम असणार. आपल्याकडच्या पत्रकात खाली पंचवीस उपविषय असतात: 'विज्ञानकथा: स्वरूप आणि संकल्पना', 'विज्ञानकथा आणि समाज', 'विज्ञानकथा आणि स्त्री', 'विज्ञानकथा आणि पर्यावरण'. 'आणि'च्या पुढे काहीही लावा, निबंध तयार. असा उपविषय दिला की माणूस घरबसल्या, एकही पुस्तक न उघडता लिहितो. उपविषय काढून टाका आणि प्रश्न द्या. उत्तर शोधायला ग्रंथालयात जावंच लागेल असे.

उदाहरणं देतो. 'केरळकोकिळ' हे कोचीनहून सुरू झालेलं मराठी मासिक. त्यात १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रावरच्या सफरीचं रूपांतर आलं. ते मुळाशी ताडून बघा: काय गाळलं, काय देशी केलं, वाचकाला तोफेचं गणित समजावलं की वगळलं? पुढे भा. रा. भागवतांनी हाच व्हर्न मुलांसाठी मराठीत आणला. दोन्ही शेजारी ठेवले की एक निबंध होतो, आणि मला तरी तो आजवर वाचायला मिळालेला नाही.

दुसरं. नारळीकरांवरच लिहायचंय ना? जरूर लिहा, पण १९७४ च्या त्या स्पर्धेवर लिहा. 'नारायण विनायक जगताप' या नावाने त्यांनी कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं ही गोष्ट प्रत्येकाला पाठ आहे. पण स्पर्धा भरवणारी मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, तिचा हेतू विज्ञानप्रसाराचा. अशा संस्थेने बक्षीस द्यायचं म्हणजे कथेत विज्ञान कसं असावं याचा एक साचा पडणारच. तो साचा कोणता होता, कोण त्यात बसलं? धारप का बसले नाहीत? तुमच्या 'भयकथावाले ना?'चं उत्तरही मला वाटतं इथेच सापडेल. बीएस्सी टेक झालेला माणूस, सरळसरळ विज्ञानकाल्पनिका लिहिल्यात त्याने, तरी विज्ञानकथाकारांच्या यादीत नाव शेवटी किंवा नाहीच.

तालुकाप्रतिनिधी:

उपविषयांबद्दल बोललात ते खरंय. आमच्या पत्रकात 'विज्ञानकथा आणि जागतिकीकरण' आहे. कोणी घातलं ते विचारू नका.

कॉर्नर_टेबल:

पिवळी_पाने यांचं म्हणणं कागदावर झकास आहे. पण ताई, येणारे लोक कशासाठी येतात ते लक्षात घ्या. पदोन्नतीची फाइल असते, प्रमाणपत्र लागतं, ड्युटी लीव्ह मिळालेली असते. जानेवारीत तो बिचारा परीक्षेच्या ड्युट्या करणार की दादरला जाऊन 'केरळकोकिळ' शोधणार? अर्धे सारांश परत पाठवलेत तर नोंदणी शुल्क कुठून आणाल? दोन दिवसांचं जेवण त्यावरच आहे ना?

पिवळी_पाने:

मग एकच दिवस घ्या. मोजकेच निबंध, प्रत्येकाला वीस मिनिटं आणि नंतर खरी चर्चा. एरवी शेवटच्या सत्रात सत्राध्यक्ष 'प्रत्येकी तीन मिनिटांत मुद्दे मांडा' म्हणतात आणि लोक बस चुकेल म्हणून उभ्या उभ्या प्रमाणपत्र घेऊन पळतात. ते काय चर्चासत्र झालं?

क्लाइडकाठची:

मी सध्या ग्लासगोत संशोधन करते. इथल्या विद्यापीठात २०२० पासून फँटसीच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्र आहे, आणि २०२४ मध्ये जागतिक विज्ञानकथा संमेलन, म्हणजे वर्ल्डकॉन, याच शहरात भरलं होतं. वर्ल्डकॉन मुळात वाचकांचं, पण त्यात अभ्यासकांच्या निबंधांचा वेगळा कार्यक्रमही असतो. निबंध संपला की टाळ्या वाजवणाऱ्यांत प्राध्यापक कमी आणि आयुष्यभर हेच वाचत आलेले लोक जास्त. ते प्रश्न विचारतात तेव्हा घाम फुटतो, कारण त्यांनी सगळं वाचलेलं असतं.

हे सांगायचं कारण असं की हा अभ्यास विद्यापीठांच्या आधी वाचकांनी आणि संग्राहकांनी उभा केला. 'एक्स्ट्रापोलेशन' हे अभ्यासपत्र १९५९ चं, 'सायन्स फिक्शन स्टडीज' १९७३ चं. आणि कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या विद्यापीठात विज्ञानकथांचा जो प्रचंड संग्रह आहे त्याची सुरुवात ईटन नावाच्या एका डॉक्टरच्या घरच्या पुस्तकांतून झाली. साधारण साडेसात हजार पुस्तकं, विद्यापीठाने १९६९ मध्ये विकत घेतली. पुढे त्याच संग्रहाच्या नावाने परिषदा भरू लागल्या. म्हणजे आधी कपाट, मग परिषद. आपण उलटं करतो, आणि मग निबंधांत जन्मतारखा येतात.

तेव्हा माझी सूचना: एक सत्र संग्राहकांना द्या. पदवी विचारू नका. तुमच्या जिल्ह्यात 'नवल', 'धनंजय' अशा रहस्य-अद्भुतकथांच्या नियतकालिकांचे जुने अंक जपून ठेवलेला कोणीतरी निवृत्त पोस्टमास्तर नक्की असेल.

तालुकाप्रतिनिधी:

ही कल्पना फार आवडली. पण निवृत्त पोस्टमास्तरांना 'साधनव्यक्ती' म्हणून मानधन द्यायचं तर ऑडिटला काय दाखवू?

क्लाइडकाठची:

'विशेष निमंत्रित' म्हणा आणि प्रवासखर्च द्या. नाहीतरी त्यांना मानधनापेक्षा ऐकणारा माणूस हवा असतो.

जुनाग्रंथपाल:

नोकरीत असताना मासिकांचं दालन माझ्याकडे होतं, म्हणून चार ओळी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय, पुणे नगर वाचन मंदिर, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर ही शंभरी ओलांडलेली ग्रंथालयं आहेत, तिथून सुरुवात करा. जायच्या आधी पत्र पाठवा आणि मासिकाचं नाव, वर्ष, महिना लिहा. 'विज्ञानकथा दाखवा' म्हणून कोणी आलं की आम्ही पुस्तकांच्या कपाटाकडे बोट दाखवायचो. मासिकातली कथा सूचीत स्वतंत्र नोंदलेली नसते, ती अनुक्रमणिका उलगडूनच शोधावी लागते.

आणखी एक, जे आत शिरल्याशिवाय कळत नाही. जुने अंक बारा-बाराचे खंड करून बांधलेले असतात आणि बांधणाऱ्याने बहुतेक वेळा मुखपृष्ठं, जाहिराती काढून टाकलेल्या असतात. शिवण इतकी आत घेतलेली असते की पानाच्या आतल्या बाजूची दोन-दोन अक्षरं दिसत नाहीत. खंड जोर लावून उघडला तर पान कण्यापाशी तुटतं. फोटो काढायला परवानगी मिळाली तर खंड पूर्ण सपाट करू नका, अर्धवट उघडून खाली उशी द्या आणि एकेक पान घ्या. मुखपृष्ठाचा अभ्यास करायचा असेल तर ग्रंथालयात हाती फार लागणार नाही, तिथे संग्राहकच कामाचे. रहस्य-विज्ञान-अद्भुताच्या मासिकाचं अर्धं म्हणणं तर मुखपृष्ठावरच असतं, त्यामुळे वरच्या ताई म्हणतात ते सत्र घ्याच.

शोधाला दिशा हवी असेल तर दोन नावं देतो. श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही 'मासिक मनोरंजन'मधली कथा. तिचं साल वेगवेगळ्या लेखांत वेगवेगळं दिलेलं दिसेल, कोणीतरी अंक समोर ठेवून ते एकदाचं पक्कं करावं. आणि अनंत अंतरकरांचं 'नवल', अद्भुत आणि विज्ञान यांच्यामध्ये भिंत न घालणारं मासिक. तुमचा फँटसीचा शुकशुकाट तिथे मोडेल.

कॉर्नर_टेबल:

आता मलाच निबंध लिहावासा वाटायला लागलाय. बरं, छपाईचं कोणीच बोललं नाही. मी आमच्या विभागाचं इतिवृत्त छापून घेतलंय, म्हणून सांगतो. त्या फोनवाल्यांना अजिबात पैसे देऊ नका. यूजीसीने केअर यादीच, म्हणजे मान्य जर्नल्सची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता जर्नलचा दर्जा संस्थांनी स्वतः पारखायचा आहे, म्हणजे 'आमचं केअरमध्ये आहे' हे पालुपदही गेलं. पुस्तकच काढायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा प्रमाणित क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, त्याला शुल्क नाही, महाविद्यालय स्वतः नोंदणी करू शकतं. 'आयएसबीएनचे वेगळे' म्हणून पैसे मागणारा गडी तुम्हाला गंडवतोय असं समजा.

आणि पत्रकात ठळक लिहा: निबंध युनिकोडमध्येच. नाहीतर एक श्रीलिपीत येईल, एक कृतिदेवमध्ये, एक कुठल्याशा सुरेख-योगेशमध्ये, आणि उघडलं की 'ÖÖ¸üÖšüß' दिसेल. परिवर्तकातून काढलं की जोडाक्षरं आणि रफार मोडतात. संपादन म्हणजे मग रफार वेचणं.

पिवळी_पाने:

निबंध तपासताना लेखकाचं नाव झाकून दोघांना द्या, त्यातला एक बाहेरच्या जिल्ह्यातला. आणि सारांशाबरोबर एक जास्तीची ओळ मागा: 'या निबंधासाठी मी कोणता मूळ अंक किंवा पहिली आवृत्ती पाहिली/पाहणार आहे.' ज्याला ती ओळ भरता येत नाही त्याला नाकारू नका, श्रोता म्हणून नोंदणी करू द्या. प्रमाणपत्र सहभागाचं मिळेल, कॉर्नर_टेबल यांचं जेवणही सुटेल.

तालुकाप्रतिनिधी:

ही एक ओळ म्हणजे मला हवं होतं तेच. सगळ्यांचे आभार. ठरलंय ते असं: दीड दिवस करतोय. पहिल्या दिवशी कमी निबंध आणि जास्त चर्चा, दुसऱ्या दिवशी सकाळी संग्राहकांचं सत्र आणि जुन्या अंकांचं छोटं प्रदर्शन, दुपारी जेवून मोकळे. उपविषय गेले, सात-आठ प्रश्न आले. 'जागतिकीकरण' मी स्वतःच्या हाताने खोडलं. इंग्रजीचे सर व्हर्नच्या रूपांतरावर स्वतः लिहितो म्हणालेत, जर्नलचा विषय त्यांनी सोडलाय.

एक शेवटचं विचारते. प्रदर्शनातले अंक स्कॅन करून महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवले तर चालतं का?

जुनाग्रंथपाल:

मूळ अंक काचेखाली मांडायला अडचण नाही. संकेतस्थळावर टाकायचं असेल तर लेखक कधी गेला ते बघा; आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. जुने कादंबरीकार नाथमाधव १९२८ मध्ये गेले, त्यांचं खुलं झालंय. भागवत २००१, धारप २००८, म्हणजे ते विसरा, नाहीतर वारसांची लेखी परवानगी घ्या. चित्रकाराचा हक्क वेगळा असतो, मुखपृष्ठ टाकताना तेही बघा.

रद्दीतला_राजा:

धागा आजच वाचला. पोस्टमास्तर नाही, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालोय. जुने 'धनंजय' माझ्याकडे मुखपृष्ठांसकट आहेत, 'नवल'ही बरेच. उसने देत नाही, यापूर्वी दिलेले परत आले नाहीत. पण स्वतः घेऊन येईन आणि दीड दिवस शेजारी बसेन. कुलपाचं काचेचं कपाट लागेल, कुलूप मी माझं आणतो. तारीख पक्की झाली की इथेच लिहा. पेट्या जड आहेत, स्टँडवर दोन पोरं पाठवा.